नाव न घेता मागायचं

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळपासून वर्गाचं कपाट रिकामं करते आहे. उद्या खोलीची किल्ली परत द्यायचं ठरवलं आहे, तेव्हा आजच उरकलेलं बरं. खडूचे तुकडे डब्यात टाकले, जुने पेपर रद्दीत बांधले, कोळिष्टकं काढली. लग्नसराई तोंडावर आली म्हणून खाली छापखान्याचं यंत्र रविवारीही चालू आहे आणि माडीची जमीन नेहमीसारखी थरथरते आहे. तू असतीस तर आत्ता म्हणाली असतीस, "चला, पडली कुणाच्या तरी गळ्यात माळ." दर लग्नसराईत तू हे म्हणायचीस. मला ते कधीच फारसं विनोदी वाटलं नाही, शमीम. तरी हसायचे, कारण हसले नाही तर तू ते पुन्हा सांगायचीस.

खालच्या खणात तुझा ट्रे निघाला. स्टीलचा, एका कडेला पोचा आलेला, वर निळ्या चौकटींचा टॉवेल. टॉवेल उचलला नाही. ट्रे टेबलावर ठेवला आणि बाकीचं आवरलं. आता आवरायला काही उरलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुझ्या शाळेतून फोन आला होता. शोकसभेत वाचायला जन्म, शिक्षण, नोकरी, असं सगळं लिहून द्या, तिथल्या बाई म्हणाल्या. मी म्हटलं, ते तुमच्या दप्तरी असेलच, तिथूनच घ्या. मी तुझी मुख्याध्यापिका नव्हते. मी तुझ्याशी दर रविवारी भांडणारी बाई होते. विमा कचेरीत पत्रव्यवहार सांभाळणारी, म्हणून तू मला 'हेडक्लार्क' म्हणायचीस. शाळेतली नोकरी सोडल्यावर तू मोठ्या बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढलास, तेव्हा मला म्हणाली होतीस, मी बोलायला शिकवते, तू लिहायला शिकव, आणि फळ्यावरचं तुझं अक्षर कचेरीतल्यासारखं काढू नकोस. मी आले. अक्षर तसंच काढलं.

त्या ट्रेचा पाठ फक्त तुझा. त्याला मला हात लावू द्यायची नाहीस. इंग्रजीत एखाद्या वस्तूचं नाव एकदा घेतलं की पुन्हा पुन्हा घेत नाहीत, तिच्या जागी 'वन' म्हणतात. लाल बांगडी नव्हे, 'द रेड वन'. बारीक बांगड्या नव्हे, 'द थिन वन्स'. ठरावीक तीच वस्तू हवी असेल तर 'इट'. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. तू त्यासाठी अख्खा तास घ्यायचीस. तुझ्या भावाच्या, दस्तगीरभाईंच्या दुकानातून आणलेल्या काचेच्या बांगड्या ट्रेमध्ये मांडायच्या, वर टॉवेल. एकजण टॉवेलच्या कडेतून बघणार, दुसरी पाठ करून बसणार आणि तिने हवी ती बांगडी मागायची. नाव न घेता. जिच्या तोंडून 'बँगल' किंवा 'बांगडी' निघेल तिने ती पिवळी प्लास्टिकची बांगडी तास संपेपर्यंत हातात घालायची. एवढी विद्रूप बांगडी तू कुठून पैदा केली होतीस कुणास ठाऊक. हळदीत बुडवून उन्हात विसरल्यासारखा तिचा रंग. मी सुद्धा ती घातली आहे. एकदा ती हातात तशीच विसरून कचेरीत गेले आणि साहेबांनी विचारलं, घरी काही कार्य आहे का.

मी म्हणायचे, आधी फळ्यावर नियम द्यावा, मग खेळ. तू म्हणायचीस, नियम त्यांना येतो, फक्त आपल्याला येतो हे त्यांना माहीत नाही. मग तुझं ते ठरलेलं पालुपद. "माझं लहानपण दुकानाच्या फळीखाली गेलंय. बांगड्यांच्या दुकानात आजवर कुणी 'बांगडी' म्हणालेलं मी ऐकलं नाही. ती द्या, ती नको, तिच्या मागची, तसलीच पण हिरवी. बायका जन्मभर हेच बोलतात. मी फक्त ते इंग्रजीत आणते." मी म्हणायचे, हे असलं निरीक्षण सोयीचं असतं, म्हणून खरं वाटतं. कधी कुणीतरी म्हणालं असेलच. तू म्हणायचीस, मग ये एकदा आणि बस फळीखाली. मी कधी गेले नाही. मला रविवारी घरचीही कामं असतात.

आणि सगळंच तुझं बरोबर नव्हतं. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण लोक तुला आता सगळ्याच बाबतीत बरोबर ठरवायला लागले आहेत. शाहूवाडीची ती मुलगी आठवते, नर्सिंगवाली? तुझ्या बांगड्यांवर ती एवढी तयार झाली की पेपरात लिहून आली, मला तहान लागली आहे, पाणी आहे का, मला 'वन' द्या. मी तो पेपर तुझ्यापुढे धरला. म्हटलं, बघ, नियम न देता शिकवल्याचं फळ. जे मोजता येत नाही त्याला 'वन' चालत नाही, हे बांगड्या कशा सांगणार? तू पेपर माझ्या हातातून काढून घेतलास. पुढच्या रविवारी एका पिशवीत किसलेला गूळ आणि एक छोटी ढेप घेऊन आलीस. "गुळाला 'वन' नाही, 'सम'," म्हणालीस. "ढेपेला 'वन'. आता फळ्यावर तू लिही, हेडक्लार्क." मी लिहिलं. तास संपल्यावर सगळ्यांनी मिळून गूळ संपवला. तो तेवढा एक पाठ आपण दोघींनी मिळून घेतला होता आणि तो सगळ्यांत चांगला झाला होता. हे मी तेव्हाही म्हणाले असते, पण तूच आधी म्हणालीस की गूळ चांगला होता म्हणून पाठ चांगला झाला.

मग अक्काताई आल्या. कळंब्याच्या. मुलगा ऑस्ट्रेलियात, सून तिकडचीच, नातवाला इंग्रजीशिवाय काही येत नाही. फोनच्या पडद्यावर नातू दिसतो, काहीतरी सांगत राहतो आणि यांना हात हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. पहिल्या दिवशी तू विचारलंस, कशासाठी शिकायचंय. त्या म्हणाल्या, "त्यो काय सांगतोय त्ये मला कळाया पायजे. मी मराय आधी." तू हसलीस आणि वहीत नाव घातलंस.

अक्काताई हुशार. पण नवऱ्याबद्दल बोलताना 'दे' म्हणायच्या. मराठीत आपण 'ते' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'दे'. 'दे स्लीपिंग', म्हणजे आमचे मालक झोपलेत. नातवाने तिकडून विचारलं होतं, आजी, तुमच्याकडे कोण कोण झोपलंय. मी म्हटलं, अक्काताई, इंग्रजीत नवऱ्याला 'ही'. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. त्या खुर्चीतून उठल्याच.

"मी त्यास्नी 'त्यो' म्हनू व्हय? तोंड झडंल माझं."

तू समजूत घालायला पुढे झालीस. इंग्रजीत कलेक्टरलाही 'ही'च म्हणतात, म्हणालीस. अक्काताई म्हणाल्या, "कलेक्टरला म्हना की. त्यो काय माझा लागतोय?" तू म्हणालीस, देवालाही 'ही'च म्हणतात. त्यांनी थोडा विचार केला. "देवाला काय, आपन बी तू म्हनतो. मालकास्नी न्हाई." मग माझ्याकडे वळून मला विचारलं, तुम्ही घरी काय म्हणता. मी सांगितलं, नावाने हाक मारते, विजय. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते बघून तुला हसू आवरेना. तू पाणी प्यायच्या निमित्ताने जिन्यात गेलीस आणि तिथून तुझा आवाज येत राहिला.

त्यावरूनही आपलं वाजलं. मी म्हटलं, चूक ती चूक, खोडायची. तू म्हणालीस, थांब, तिचं तीच खोडेल, तिला आधी ते तोंडात घोळवू दे. मी म्हटलं, केव्हा? तू म्हणालीस, बघू. ते राहिलंच, शमीम. अक्काताई अजून 'दे'च म्हणतात.

दवाखान्यात तू फार बोलत नव्हतीस. पोट दुखायचं आणि गोळीने झोप यायची. मी सफरचंदं आणायचे, ती दस्तगीरभाईंची नातवंडं खायची. एका दुपारी तू पुरती जागी होतीस. खिडकीकडे बघत म्हणालीस, "वर्ग बंद करू नकोस."

"बघू," मी म्हटलं.

"तुझं बघू म्हणजे नाही."

"हो. नाही."

आजारी माणसाशी खोटं बोलायची मला सवय नाही, आणि तुझ्याशी तर नाहीच. तू रागावली नाहीस. डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "मग ट्रेमधला माल भाईला नेऊन दे. दुकानचा आहे." मी बरं म्हटलं. त्यानंतर आपण दवाखान्याच्या चहाबद्दल बोललो. तो वाईट होता, यावर आपलं एकमत झालं. मग तुझी भावजय डबा घेऊन आली आणि मी निघाले.

आपण यापुढे बोलणार नाही हे मला माहीत असतं तर मी काही वेगळं बोलले असते का, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. नसते. माझ्याकडे तसलं काही बोलायला नव्हतंच. जे होतं ते हेच, की आठवडाभर माझ्याशी सगळे नीट वागतात, कचेरीत मॅडम म्हणतात, घरी विजय सगळ्याला होकार देतो, आणि रविवारी या थरथरणाऱ्या माडीवर एकजण माझं प्रत्येक वाक्य उलटं करून दाखवते. ते मला हवं असायचं. पण हे असलं कुणाला सांगत नाहीत. सांगितलं असतं तर तू त्याचंही वाक्य उलटं केलं असतंस.

तुझ्या मयताला आले होते. कब्रस्तानात बायका येत नाहीत, तेव्हा दारातूनच परत फिरले. रिक्षा मिळेना, चालत आले. एरवी मला गोष्ट तिच्या नावाने बोलायची सवय. वर्गात बांगडी फुटली की मी 'फुटली' म्हणायचे आणि तू दरवेळी दटावायचीस, "फुटली नाही म्हणायचं, वाढवली म्हणावं. शिकलेली बाई तू." मी म्हणायचे, तुकडे तर तेवढेच झाले. पण अक्काताईंना फोन केला तेव्हा मी सुद्धा 'शमीम गेली' एवढंच म्हणाले. कुठे, असं त्यांनी विचारलं नाही. फोनवर खूप वेळ त्यांच्या गोठ्यातली म्हैस ओरडत होती.

तिसऱ्या दिवशी, जियारतला, तुझ्या घरी गेले. दस्तगीरभाई म्हणाले, वर्ग चालू ठेवा की ताई, आपाचा जीव होता त्यात. छापखान्याचे मालकही म्हणाले, खोलीची घाई नाही, रिकामीच असते. कुणाचीच आडकाठी नव्हती. म्हणून मी ठरवलं, एकदा करून बघायचं. तुला तेवढं म्हटलं होतं; एरवी करून बघितल्याशिवाय मी कशालाच नाही म्हणत नाही.

मागच्या रविवारी सगळ्या आल्या. मी तुझाच पाठ घेतला. ट्रे मांडला, टॉवेल घातला, पिवळी बांगडी समोर ठेवली. नियम आधी फळ्यावर लिहिला नाही. बघ, तुझ्याच पद्धतीने केलं. अक्काताईंना पाठ करून बसवलं आणि म्हटलं, मागा. त्या म्हणाल्या, 'द रेड वन'. मी म्हटलं, छान. त्यांना लाल दिली. पुढची म्हणाली, 'द ग्रीन वन'. छान. तिला हिरवी दिली. त्याच्या पुढची म्हणाली, 'द ग्रीन वन'. सगळ्या ओळीने, प्राथमिक शाळेत पाढे म्हणावेत तशा. कुणी नको म्हणालं नाही. कुणी घासाघीस केली नाही, रंग उतरेल का म्हणून विचारलं नाही. कुणी चुकलंही नाही. पिवळी बांगडी तिथेच पडून राहिली.

तू काय करायचीस ते मला कधी दिसलंच नव्हतं. मी त्या वेळात मागच्या बाकावर पेपर तपासायचे आणि कान तेवढे इकडे ठेवायचे, तुझी चूक पकडायला. तू मुद्दाम भलतीच बांगडी द्यायचीस का? त्यांना चिडवायचीस का? तुझ्या तासाला या खोलीत बाजार भरल्यासारखा गलका असायचा, तो मला ऐकू यायचा. तो कुठून यायचा ते मी बघितलं नाही.

तास संपला. बाकीच्या उतरून गेल्या. अक्काताई चपला घालता घालता थांबल्या. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, पण कळंब्याच्या बाईला गोड बोलता येत नाही.

"बाई, तुमच्याकडनं न्हाई व्हायचं हे."

"हो," मी म्हटलं.

"राग नका मानू. तुमी लिवायचं चांगलं शिकिवता. पर माझा नातू काय पत्र लिवनाराय व्हय?"

मी त्यांना म्हटलं, दुसरीकडे वर्ग आहेत, मोबाईलवरही शिकता येतं, मी लावून देते. त्यांनी मान हलवली. "र्‍हाऊ द्या आता. दिसतोय न्हवं फोनवर. हात हलिवतोय. बास की तेवढं." जिन्यात त्या प्रत्येक पायरीवर थांबत उतरल्या. मी वरून बघत होते. त्यांना बोलवावं असं वाटलं, पण बोलवून काय सांगणार होते? पुढच्या रविवारी पुन्हा 'द रेड वन'?

तेव्हा मी किल्ली द्यायचं ठरवलं. हे तुला सांगते आहे ते परवानगीसाठी नव्हे. वर्ग चालला असता तर तुझं ऐकलं असतं. चालत नाही. तू गेलीस आणि जे गेलं ते या कपाटात नव्हतं, त्यामुळे कपाट जपून काही उपयोग नाही. अक्काताईंच्या नातवाला त्यांच्याकडून काय ऐकायला मिळालं असतं, ते आता मिळणार नाही. लोक मला म्हणतात, काहीतरी उरतंच. मी ही खोली झाडली आहे, मला माहीत आहे काय उरलं. अर्धा डबा खडू आणि हा ट्रे.

यंत्र आता थांबलं आहे. खाली कुणीतरी शटर ओढतंय. मीही निघते.

सोमवार.

सकाळी कचेरीच्या आधी ट्रे घेऊन महाद्वार रोडच्या गल्लीत, दुकानावर गेले. दस्तगीरभाई नुकतंच दुकान उघडून फळीवर माल मांडत होते. मी म्हटलं, "भाई, या शमीमच्या बांगड्या. मोजून घ्या." ते म्हणाले, बसा की ताई, आणि माझ्यापुढे बुटकं स्टूल सरकवलं. मी बसले. तू म्हणायचीस ती फळी माझ्या अगदी डोक्याजवळ होती.

त्यांनी मोजलं नाही. टॉवेल काढून घडी करून माझ्या हातात दिला आणि काचेचा माल मापाप्रमाणे वेगळा करून जिथल्या तिथे खोक्यांत लावायला लागले. एकदाही कुठे लावायचं म्हणून थांबले नाहीत. तळाशी ती पिवळी होती. ती बोटात धरून त्यांनी उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "ही आमच्याकडची न्हाई." मला परत दिली.

तेवढ्यात देवीच्या दर्शनाला आलेल्या दोघी पुढे आल्या, सासू आणि सून असाव्यात. बोलण्यावरून आजऱ्याकडच्या वाटल्या. सासूने आल्या आल्या हात पुढे केला.

"ती दावा. ती न्हवं ओ, तिच्या मागची."

"ही?"

"तसलीच, पर बारीक. आनि हिला ती. नगं, ती लई चमकती."

सून म्हणाली, मला ती आधीचीच हवी. सासू म्हणाली, ती कुणालाच शोभायची नाही. भाईंनी तिसरीच काढून दोघींच्या मधे धरली आणि दोघी एकदमच नको म्हणाल्या. मग हसल्या. भाईंनी सासूच्या हातात भरली ती आत्ताच खोक्यात गेलेल्या तुझ्या मालातली होती. हिरवी, तुझ्या तासाला सगळ्यांत जास्त मागितली जायची ती. त्या दोघी गेल्या, आणखी एक आली, मग कॉलेजच्या मुली आल्या. मी बसून राहिले. कचेरीला उशीर होत होता. भाई मधे मधे माझ्याकडे बघत होते.

तेवढ्या वेळात त्या दुकानात तो शब्द एकदाच उच्चारला गेला होता. मी आल्या आल्या उच्चारला होता.

मी टॉवेल पिशवीत टाकला आणि पिवळी हातात चढवली. पूर्वीपेक्षा घट्ट बसली, मी जाड झाले आहे. मग छापखान्यात जाऊन मालकांना किल्ली दिली. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं, पण ते किल्लीबद्दलच बोलले. तास संपला की काढायची, असा तुझा नियम. तास संपला हे तूच सांगायचीस. ती तशीच घालून मी कचेरीत गेले.